अँटेनाला आकाश दाखवा

गेल्या दिवाळीत भावोजींनी गाडीत नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. मोठा पडदा, मागचा कॅमेरा, नकाशा, सगळं झकपक. चिपळूणला यायला निघाले आणि पेणच्या पुढे नकाशावरची गाडी रस्ता सोडून भातखाचरांतून चालायला लागली. घटकेत उजवीकडच्या शेतात, घटकेत डावीकडच्या. नागोठण्याला तर ती पाच मिनिटं जागच्या जागी उभी राहिली आणि मग एकदम टुणकन पुढे. "अरे, तो उपग्रहच बिघडला की काय?" घरात पाऊल टाकता टाकता त्यांनी मला विचारलं.

मला विचारलं, कारण मी बंदरावर वायरलेस सेट, फिश फाइंडर आणि जीपीएस बसवायची, दुरुस्त करायची कामं करतो. उपग्रह बिघडल्याची तक्रार मी दर हंगामात ऐकतो आणि बहुतेक वेळा उपग्रह निर्दोष सुटतो. डॅशबोर्ड उघडला तर काडेपेटीएवढी काळी डबी, म्हणजे अँटेना, स्टिरिओच्या मागे लोखंडी पट्टीखाली वायरींच्या भेंडोळ्यात कोंबलेली. तीही पालथी. बसवणाऱ्याने पिन जोडली आणि उरलेली वायर दिसू नये म्हणून मागे सारून दिली. तिने बिचारीने तशाही अवस्थेत चार उपग्रह पकडून भावोजींना नागोठण्यापर्यंत आणलं, हेच कौतुक.

आता यात नेमकं काय चुकलं, ते सांगतो. गाडी असो, होडी असो की शेताची मोजणी, गोष्ट एकच आहे.

किती मंद, याचा अंदाज

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. आपल्याला लागणारी लहर ते ज्या ताकदीने सोडतात, ती जुन्या पिवळ्या बल्बच्या पंक्तीला बसणारी. तेवढ्या लांबून येता येता ती इतकी पसरते की एका वॅटचे शंभर कोटी-कोटी भाग केले, तर त्यातला एखाद-दुसरा भाग अँटेनाच्या वाट्याला येतो. हवेत आणि यंत्रात जी विजेची खरखर कायम चालू असते, तिच्याहूनही हा आवाज कितीतरी खाली असतो.

मग तो ऐकू येतो कसा? जत्रेच्या गोंगाटात शंभर माणसं ओरडत असली तरी आईने नावाने मारलेली हाक पोराला कळते, कारण काय ऐकायचं ते त्याला आधीच माहीत असतं. रिसिव्हरचंही तसंच. प्रत्येक उपग्रहाची एक ठरलेली सांकेतिक माळ असते, १,०२३ तुकड्यांची, सेकंदाच्या हजाराव्या भागात एकदा पुरी होणारी. रिसिव्हर ती माळ स्वतःजवळ ठेवून गोंगाटावर सरकवत राहतो आणि जुळली की ओळखतो. हाक निघाली कधी आणि पोचली कधी, यावरून अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह मिळाले की तुमची जागा आणि अचूक वेळ निघते.

या युक्तीलाही मर्यादा आहे. आईची हाक भिंतीपलीकडून येत असेल तर पोराचा नाइलाज. लहर साधारण १९ सेंटिमीटर लांबीची. लोखंडी पत्रा तिला आरपार सोडत नाही, बारीक छिद्रांची जाळीही सोडत नाही. स्लॅबमधून आलीच तर पार थकून येते. प्लास्टिक, फायबर, साधी काच यांतून मात्र ती बऱ्यापैकी येते. म्हणून अँटेना डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली लपवली तरी चालते, लोखंडाखाली लपवली की संपलं. गाडीच्या काचेवर धातूचा थर असलेली उन्हाची फिल्म असेल तर त्या काचेला काच म्हणू नका, पत्रा म्हणा.

पाण्याचंही लक्षात ठेवायला हवं. पावसाच्या धारा जीपीएसला फारशा अडवत नाहीत. पण अँटेनावर टाकलेल्या ताडपत्रीत साचलेलं पाणी अडवतं. भिजलेली झाडी तर कोरड्या झाडीपेक्षा वाईट. पावसाळ्यात आंब्याखाली जीपीएस रुसतो तो यामुळे.

डीटीएचची सवय विसरा

लोकांच्या डोक्यात अँटेना म्हटलं की डीटीएचची छत्री येते. ती एका उपग्रहावर रोखायची असते. दोन अंश हलली की पडद्यावरचं चित्र गायब. तो उपग्रह आपल्याला जागचा हलताना दिसत नाही, म्हणून रोखणं शक्य होतं. जीपीएसचे उपग्रह सारखे फिरत असतात, सुमारे बारा तासांत पृथ्वीभोवती एक फेरी. आत्ता डोक्यावर असलेला काही तासांनी सह्याद्रीआड जाईल आणि दुसरा समुद्रातून वर येईल. त्यामुळे इथे रोखायचं काहीच नाही. अँटेना सपाट, तोंड वर आणि चहूकडे मोकळं आकाश. डबीच्या ज्या बाजूला चुंबक किंवा चिकटपट्टी असते ती खालची बाजू. भावोजींच्या गाडीत नेमकी तीच आकाशाकडे होती.

चहूकडे का? डोक्यावरचे चार उपग्रह दिसले तर भागायला हवं ना? भागतं, पण वाईट भागतं. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर पाहा: आकाशाचा तेवढाच गोल दिसतो आणि त्यातले उपग्रह एकमेकांना चिकटून. सगळ्यांची अंतरं जवळपास एकाच दिशेने मोजली जातात. मग मोजमापात थोडी चूक झाली तरी जागा बरीच सरकते. उपग्रह चार कोपऱ्यांत विखुरलेले असतील तर चुका एकमेकींना आवरतात. पुण्याच्या पेठेतल्या बोळात किंवा गिरगावातल्या दोन चाळींच्या मध्ये फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत दाखवतो, त्याचं एक कारण हे.

उलट टोकाला, अगदी क्षितिजाला टेकलेल्या उपग्रहाचाही उपयोग नाही. त्याची लहर जाड वातावरणातून तिरकी येते आणि वाटेत कशा-कशावर आपटते. म्हणून रिसिव्हर सहसा १०-१५ अंशांखालचे उपग्रह सोडून देतो. हात पुढे ताणून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिजावर दीड मूठ मोजा. त्याच्या वर अँटेनाला काहीही आडवं यायला नको.

अडथळा असलाच तर उत्तरेला असू द्या

बसवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट इथे येते, आणि मला ती सांगायला फार आवडतं.

जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. म्हणजे उपग्रह ५५ अंश अक्षांशाच्या पलीकडे, ध्रुवाच्या डोक्यावर कधी जातच नाही. महाराष्ट्रात उभं राहून नेमक्या उत्तरेला पाहिलं तर क्षितिजापासून सुमारे ४० अंशांपर्यंत, म्हणजे चार मुठींपर्यंत, जीपीएसचा एकही उपग्रह फिरकत नाही. रशियाचे ग्लोनास उपग्रह त्यांच्या जास्त कललेल्या कक्षांमुळे थोडे खाली उतरतात, तरीही तळाचा भाग रिकामाच. गंमत म्हणजे ध्रुवतारा याच ओसाड पट्ट्यात आहे. ज्या ताऱ्यावर नजर ठेवून आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने गलबतं हाकली, तिथे आजच्या एकाही वाटाड्या उपग्रहाची फेरी नाही.

दक्षिणेचं उलटं. भारताची स्वतःची नाविक यंत्रणा आणि विमानांसाठी उभारलेली गगन यंत्रणा यांचे विषुववृत्तावरचे स्थिर उपग्रह आपल्याकडून दक्षिणेच्या बाजूलाच दिसतात, कोणी आग्नेयेला, कोणी नैर्ऋत्येला. तेव्हा गच्चीवर पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली असेल आणि अँटेना तिच्याजवळच लावावी लागणार असेल, तर टाकीच्या दक्षिण अंगाला लावा. टाकी उत्तरेला आडवी आली तर फारसं बिघडत नाही. दक्षिणेला आली तर बिघडतं.

नाविकचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह जीपीएसच्या नेहमीच्या १५७५ मेगाहर्ट्झवर बोलत नाहीत. ते ११७६ मेगाहर्ट्झवर आणि त्याहून वरच्या एस बँडवर बोलतात. २९ मे २०२३ ला सुटलेल्या एनव्हीएस-०१ पासून १५७५ च्या बँडची सोय आली. खोक्यावर 'नाविक चालतो' असं मोठ्या अक्षरांत असलं, तरी अँटेनाच्या कागदावर ११७६ चा आकडा आहे का ते पाहून घ्या. रिसिव्हरला भाषा येत असून कान नसेल तर काय कामाचं?

भिंतीवरून आलेली हाक

समोर मोठी भिंत, पत्र्याची शेड किंवा काचेची इमारत असेल तर उपग्रहाची लहर थेट येते आणि आपटूनही येते. आपटून आलेली उशिरा पोचते. लहर एका अब्जांश सेकंदात ३० सेंटिमीटर जाते. पन्नास अब्जांश सेकंदांचा उशीर झाला तर रिसिव्हरला उपग्रह १५ मीटर लांब गेल्यासारखा वाटतो. सिग्नल भरपूर दिसतो आणि जागा तरीही चुकते. हा दोष सगळ्यात फसवा.

निसर्गाने यावर अर्धा उपाय दिला आहे. उपग्रहाची लहर मळसूत्रासारखी एका दिशेने पिळत येते आणि आपटली की तिचा पीळ उलटा होतो. चांगली अँटेना सुलट पिळाचीच लहर घेते, उलट्या पिळाची बरीचशी नाकारते. उरलेला अर्धा उपाय आपला: भिंतीपासून लांब आणि कठड्यापेक्षा उंच जागा. शिवाय खालून, जमिनीवर आपटून येणारी लहर रोखायला अँटेनाखाली धातूची तबकडी. गाडीतल्या छोट्या चौकोनी अँटेनेत मातीची भाजलेली चकती असते, ती नीट चालावी म्हणूनही खाली पत्रा लागतो. दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा पुरतो. वर पत्रा असला तर घात, खाली असला तर मदत. गाडीचं छप्पर यासाठी आयतं, म्हणूनच चुंबकाची अँटेना छपरावर सगळ्यात छान चालते. छपरावर नको असेल तर डॅशबोर्डवर पुढच्या काचेच्या अगदी मुळाशी, खाली पत्र्याचा तुकडा देऊन.

वायर: कामं बिघडतात ती इथेच

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँटेना आतल्या आत सिग्नल वाढवतात. त्यासाठी लागणारे ३ ते ५ व्होल्ट रिसिव्हर त्याच वायरीतून वर पाठवतो. लोक विचारतात, वाढवायचंच तर खाली रिसिव्हरजवळ का नाही वाढवत? कारण वायरीतून येताना सिग्नल झिजतो आणि त्यात खरखर मिसळते. दुधात पाणी पडल्यावर भांडं कितीही भरा, दोन्ही वाढतं. पाणी पडायच्या आत, वरच, वाढवायला हवं.

काळी बारीक वायर, जिला आम्ही १७४ म्हणतो, या लहरीला दर मीटरला साधारण एक डेसिबल खाते. तीन मीटरवर निम्मा सिग्नल गेला, दहा मीटरवर दहावा हिस्सा उरला. गाडीत तीन मीटर वायर असते, आतला वाढवणारा तेवढं सहज भरून काढतो. पण तीच वायर जोडून-जोडून गच्चीवरून तळमजल्यावर आणाल तर खाली काय येणार? लांब पल्ल्याला बोटभर जाडीची कमी झीज असलेली केबल घ्या. ती दहा मीटरला दोन डेसिबलसुद्धा खात नाही.

वायर आखूड पडली म्हणून मध्ये कापून, तारा पिळून, वर काळी टेप गुंडाळून दिलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही. ही दिव्याची वायर नव्हे. आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. ते मोडलं की लहर त्या जोडावरून मागे परतते. जोडायचीच तर योग्य पिन लावून जोडा. काटकोनात मुडपू नका, आणि उरलेली वायर बोटाभोवती घट्ट गुंडाळण्यापेक्षा ताटाएवढे सैल वेढे करून ठेवा.

मल्टिमीटर असेल तर अँटेनाची पिन काढून रिसिव्हरच्या भोकात मधल्या टोकाला व्होल्टेज बघा. तीन-पाच व्होल्ट येत नसतील तर अँटेना उपाशी आहे. टीव्हीच्या केबलचा साधा स्प्लिटर मध्ये टाकून एका अँटेनावर दोन यंत्रं चालवायला जाल तर नेमकं हेच होईल.

यातली एक बाब भल्याभल्यांना चकवते: नकाशावर दिसते ती जागा अँटेनाची, रिसिव्हरची नव्हे. वायर पन्नास मीटर लांब असली तरी जागेत फरक पडत नाही, कारण सगळ्या उपग्रहांना सारखाच उशीर होतो आणि तो वेळेच्या हिशेबात जिरतो. ज्यांना जागेऐवजी वेळच हवी असते, मोबाइल टॉवरवाले, वीजवाहिन्यांवर लक्ष ठेवणारे, त्यांना मात्र केबलच्या दर मीटरचे चार-पाच अब्जांश सेकंद हिशेबात धरावे लागतात.

होडीवर

होडीवर तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, पहिली सूचना ठरलेली: "काठीच्या टोकावर लाव, सगळ्यात उंच." मी लावत नाही. आठ मीटरची काठी १५ अंश डोलली की टोक दोन मीटर सरकतं. होडी जागेवर उभी, जीपीएस मात्र तिला इकडून तिकडे फिरवतो, वेग दाखवतो, दिशा बदलतो. केबिनच्या छपरावर, चारी बाजू मोकळ्या ठेवून लावलेली अँटेना शांत असते. रडार असेल तर त्याच्या झोताच्या पातळीत नको. व्हीएचएफच्या, म्हणजे बोलायच्या वायरलेस सेटच्या, काठीपासूनही निदान एक मीटर लांब हवी: ते सेट १५७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि त्याची दहापट म्हणजे जीपीएसचा १५७५. सेटचं बटण दाबलं की जीपीएस जात असेल तर कारण हेच समजा.

खाऱ्या हवेत जोड कळकतात, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यासारखे हिरवे होतात. प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, खालून वर, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात आणि पाणी आत शिरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र जोडाला लावू नका. त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं. केबल केबिनमध्ये शिरते तिथे आधी खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या तळातून टपकून जातं, नाहीतर केबल धरून थेट यंत्रात उतरतं. घराच्या गच्चीवरही हाच झोळ द्यायचा. तिथे वळवाच्या विजांचीही भीती असते, म्हणून अँटेना तडितरक्षकापेक्षा उंच नको आणि खांबाला अर्थिंग हवंच.

मोजणीवाल्यांसाठी थोडं

रोव्हरने, म्हणजे काठीवर बसवलेल्या जीपीएस यंत्राने, होणाऱ्या मोजणीत चुका मीटरमध्ये नाही, सेंटिमीटरमध्ये धरतात. दोन मीटरच्या काठीचा बुडबुडा एक अंश हलला की टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं, मग वर लाखोंचं यंत्र असून उपयोग काय? आणि आपल्या बांधावर नेमकी झाडं असतात, बांबू, शेवगा, आंबा. तिथे यंत्र 'फिक्स', म्हणजे पक्की जागा, देत नाही, 'फ्लोट'वर, म्हणजे कच्च्या अंदाजावर, लटकतं. अशा वेळी दम धरायचा, नाहीतर मोकळ्यात दोन बिंदू घेऊन तिथून टेपने कोपरा काढायचा. फ्लोटवरच खूण ठोकून घ्या म्हणणारे शेजारी पुढे एकमेकांशी बोलत नाहीत.

बसवून झाल्यावर

फोनवर उपग्रह दाखवणारी फुकट ॲप मिळतात, बहुतेक स्टिरिओंत आणि होड्यांवरच्या यंत्रांत तसा पडदा असतोच. प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलच्या जोराचा एक आकडा दिसतो. मोकळ्या मैदानात वरच्या उपग्रहांचे आकडे ४० ते ५० असायला हवेत. सगळेच ३० च्या खाली असतील तर जागा किंवा वायर चुकली. एकाच बाजूचे कमी असतील तर तिकडे काहीतरी आडवं आहे. इंजिन आणि चार्जर बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर पडत असतील, तर एकेक वस्तू काढून पाहा. माझ्या अनुभवात स्वस्तातला यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम हे नेहमीचे संशयित.

कधी कधी यातलं काहीच चुकलेलं नसतं. सूर्यावर डागांचा जोर असतो त्या वर्षांत, मार्च-सप्टेंबरच्या सुमाराला, सूर्यास्तानंतर वातावरणाचा वरचा विजेरी थर खवळतो आणि आपल्या अक्षांशावर सिग्नल काही तास लुकलुकतात. अशा संध्याकाळी अँटेना उपटू नका, सकाळी पाहा.

आणि नवीन यंत्र लावल्या लावल्या दहा सेकंदांत जागा दाखवत नाही म्हणून घाबरू नका. इंटरनेट नसलेल्या यंत्राला प्रत्येक उपग्रहाचा ठावठिकाणा त्याच्याच सिग्नलमधून उतरवून घ्यायला साधारण अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं.

भावोजींची डबी मी काचेच्या मुळाशी, पत्र्याच्या तुकड्यावर, सुलटी लावली. आकडे बावीस-चोवीसवरून एकेचाळीसला गेले. काम वीस मिनिटांचं; त्यातली पंधरा डॅशबोर्डच्या क्लिपा न मोडता पट्टी काढण्यात गेली. "मग त्या दुकानवाल्याने असंच का नाही लावलं?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातात उरलेली एक क्लिप ठेवली. ती कुठली, ते आम्हा दोघांनाही अजून कळलेलं नाही.